गीत : पारंपरिक

“थांब, अजून आहे. पुढचं तर ऐक,” तन्वीर म्हणाला. त्याने पेपर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि बातम्या देणाऱ्यासारखा आवाज काढला. “‘गेल्या दहा वर्षांत मराठीत इतका सच्चा आवाज मी ऐकलेला नाही. श्रीलता गाजुल ही मुलगी गात नाही, ती मातीला बोलतं करते.’”

मी चहाचा कप तसाच धरून बसले होते. आमची तालमीची खोली म्हणजे तन्वीरच्या मामाच्या सायकल दुकानामागचं गोदाम. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, एका कोपऱ्यात त्याचं मेंडोलिन, गिटार, माझी पेटी. तिथे बसून आम्ही आमचा पहिला अल्बम केला होता. सहा गाणी, शब्द आणि चाल माझी, वाद्यं त्याची. कुणी ऐकेल की नाही, याचीही खात्री नव्हती. आणि आज रविवारच्या पुरवणीत अर्धं पान! तेही डॉ. अच्युत खानापूरकरांचं. ज्यांनी एखाद्याचं नुसतं नाव घेतलं तरी पुढचे सहा महिने कार्यक्रम मिळतात, असे खानापूरकर.

“वाच ना पुढे,” मी म्हटलं. कान गरम झाले होते.

“‘विशेषतः ‘यमुने, काढ गं कडी’ हे गीत. जात्यावर बसलेल्या किती अनाम स्त्रियांच्या ओठांवरून शतकानुशतकं वाहत हे शब्द या मुलीपर्यंत आले असतील! आजीकडून मिळालेलं हे धन तिने जसंच्या तसं...’”

तन्वीर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“आजीकडून?” मी म्हणाले.

“असं लिहिलंय.”

मी पेपर ओढून घेतला आणि स्वतः वाचलं. पुढे दोन परिच्छेद त्या गाण्याचा अर्थ होता. कडी म्हणजे देहाची कडी. दाराबाहेर उभी असलेली म्हणजे गोपी, म्हणजेच जीव. यमुना म्हणजे अर्थातच ती नदी. दुसऱ्या कडव्यात मी लिहिलं होतं :

यमुने, बोल गं काही
धूर डोळ्यांत दाटला
पाणी घेऊन निघाला
कुठे वाटेत थांबला

खानापूरकरांच्या मते धूर हा संसाराच्या चुलीचा होता आणि पाणी घेऊन निघालेला तो मेघश्याम.

तन्वीर हसला. मला हसू आलं नाही. ते गाणं मी याच गोदामात, याच स्टुलावर बसून लिहिलं होतं. ते कुणाबद्दल आहे हे मी तन्वीरलाही सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. त्याचा हा गुण मला फार आवडायचा.

“जाऊ दे गं,” तो म्हणाला. “कौतुकच केलंय. एवढी चूक चालते.”

मीही त्या दिवशी जाऊ दिलं. खोटं कशाला बोलू, ते पान मी घडी घालून पर्समध्ये ठेवलं होतं.

महिनाभरात फोन आला. मुंबईहून, एका मोठ्या चित्रपटाच्या निर्मात्याकडचा माणूस. आवाज तुपाळ. “मॅडम, तुमचं ते कडीवालं गाणं आम्ही पिक्चरमध्ये घेतलंय. म्हटलं, कानावर घालावं.”

“घेतलंय म्हणजे?”

“रेकॉर्ड झालं. शूटही झालं. हीरोची पहिली रात्र आहे, नवरी आतून कडी लावून बसलीय, बाहेर मैत्रिणी, करवल्या, धमाल! यमुना नवरीचं नाव ठेवलं आम्ही. दिग्दर्शक तर एकदम खूश.”

मी भिंतीला टेकले.

“ते गाणं माझं आहे,” मी म्हणाले. “मी लिहिलंय. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही.”

“तुम्ही गायलंय छानच, मॅडम. पण गाणं पारंपरिक आहे ना? आमच्या गाण्याखाली तसंच येणार. गीत : पारंपरिक. तुमचे विशेष आभार टाकतो आम्ही, शेवटी, नावांमध्ये.”

“पारंपरिक नाहीये ते!”

“खानापूरकर सरांनीच लिहिलंय. आमच्या वकिलांनी तो लेख लावूनच फाइल केलीय. आता एवढा मोठा अभ्यासक चुकीचं बोलतो असं तुमचं म्हणणं असेल, तर त्यांच्याकडून लिहून आणा. आमची काही हरकत नाही.”

फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ त्या गाद्यांच्या भिंतीकडे बघत बसले. चोरी झाली असती तर चोरावर ओरडता आलं असतं. इथे चोराच्या हातात माझ्याच कौतुकाचा कागद होता.

दुसऱ्याच दिवशी मी खानापूरकरांच्या घरी गेले. त्यांनी स्वतः दार उघडलं. उंच, पांढरे केस मागे वळवलेले, खादीचा झब्बा. माणूस वागायला वाईट नव्हता. “अरे, ये ये! आमची लोककन्या!” म्हणत त्यांनी मला आत नेलं, बाईंना कॉफी टाकायला सांगितली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

मी सगळं सांगितलं. फोन, नवरी, करवल्या. ते ऐकताना त्यांनी दोनदा मान हलवली. मला वाटलं, आता म्हणतील, चूक झाली, लगेच लिहून देतो.

“सवंग लोक आहेत,” ते म्हणाले. “इतक्या आध्यात्मिक रचनेचं काय करून ठेवलं! मी लिहितो त्यांच्याविरुद्ध. लोकधनाची विटंबना म्हणून.”

“सर, लोकधन नाहीये ते. मी लिहिलंय.”

ते समजुतीने हसले. “श्रीलता, तू सुंदर बांधलंस ते. पण मूळ ओळी... चाळीस वर्षं मी हे काम करतोय. ‘तुझ्या हातातला धागा, माझ्या बोटाला गं भारी.’ ही ओळ तुझ्या वयाच्या मुलीची नाही. ही शेकडो बायकांनी घासून गुळगुळीत केलेली ओळ आहे. तुझी आजी दळता दळता म्हणत असणार, तुझ्या कानावर पडलं असणार, आणि आता तुला वाटतंय की ते तुला सुचलं. असं होतं. त्यात काही कमीपणा नाही.”

“सर, माझ्या आजीला मराठी येत नव्हतं.”

“म्हणजे?”

“आम्ही सोलापूरचे पद्मशाली. घरात तेलुगू बोलतो. आजी शेवटपर्यंत तेलुगूच बोलली. भाजीवाल्याशीसुद्धा ती बोटांनी बोलायची. मराठी मी शाळेत शिकले. आणि जातं आमच्या घरात नव्हतंच. आजी विड्या वळायची.”

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. आता तरी, मला वाटलं. आता तरी.

“मग शेजारणीकडून आलं असेल,” ते म्हणाले.

माझ्या घरातल्या, गल्लीतल्या, अख्ख्या सोलापुरातल्या कुठल्याही बाईला ते गाणं द्यायला हा माणूस तयार होता. फक्त मला सोडून.

“बरं, तू लिहिलंस असं धरू,” ते खुर्चीत पुढे सरकले. “मग सांग, कशावरून सुचलं? ही यमुना कोण? धूर कसला? पाणी घेऊन कोण निघालं?”

माझ्या जिभेवर आलं होतं. पण समोर कॉफीचा कप, बशीत दोन बिस्किटं, मागे पुस्तकांचं कपाट, आणि तो माणूस परीक्षेतल्या बाहेरच्या मास्तरासारखा उत्तराची वाट बघत बसलेला. त्याला पटावं म्हणून मी ते बाहेर काढून त्याच्या टीपॉयवर ठेवायचं? का म्हणून? एखाद्या पुरुषाने प्रेमाचं गाणं लिहिलं, तर ती पोरगी कोण, तिचा पत्ता दाखव, असं कुणी म्हणतं?

“ते मी नाही सांगणार,” मी म्हणाले.

“बघ.” त्यांनी हात पसरले, अगदी मायेने. “सांगता येत नाही. लोकगीताचं असंच असतं. ते कुणाचंच नसतं, म्हणून सगळ्यांचं असतं. तुला कळतंय का, मी तुला केवढ्या मोठ्या परंपरेत नेऊन बसवलंय?”

“सर, मला माझ्या नावावर बसवा. तेवढं पुरे.”

“अहंकार कलावंताला मारतो, बाळ,” ते म्हणाले, आणि मला दारापर्यंत सोडायला आले. जिन्यात त्यांनी आठवण करून दिली, “रविवारी कार्यक्रमाला लवकर ये हं. पुरस्कार माझ्याच हस्ते आहे.”

रस्त्यावर येऊन मी तन्वीरला फोन लावला आणि पाच मिनिटं नुसती शिव्या देत राहिले, मराठीत, तेलुगूत, आणि त्याच्याकडून शिकलेल्या मिरजेकडच्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“रविवारी जायचं नाही?” त्याने विचारलं.

“जायचं,” मी म्हटलं. “जायचंच.”

सभागृह भरलं होतं. पुण्यातली एक संस्था दरवर्षी एका नव्या गायकाला हा पुरस्कार द्यायची, यंदा तो मला होता, आणि पुढच्या तीन रांगांत ओळीने तीच माणसं बसलेली असायची ज्यांच्या शब्दाला वजन असतं. मला शाल दिली, नारळ दिला, पितळी समई दिली. मग खानापूरकर बोलायला उभे राहिले. सुंदर बोलले. टाळ्या कुठे येणार ते त्यांना माहीत असायचं.

“या मुलीने काही निर्माण केलं असं मी म्हणणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “तिने त्याहून मोठं काम केलं. ती बाजूला झाली. तिने स्वतःला पुसून टाकलं, आणि म्हणून त्या हजारो निनावी बायका तिच्या गळ्यातून गाऊ शकल्या. हा पुरस्कार त्या निनावी बायकांचा आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तन्वीर मेंडोलिन मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला होता. तो पुटपुटला, “लता, हळू.” माझा चेहरा त्याला दिसत असणार.

मी माइकपाशी गेले.

“सरांनी फार कौतुक केलं,” मी म्हणाले. “पण मी स्वतःला पुसलेलं नाही. या अल्बममधलं प्रत्येक गाणं मी लिहिलंय. ‘यमुने’ पण. ते जुनं नाही, माझ्या आजीचं नाही, शेजारणीचं नाही. एक फिल्मवाले ते फुकट घेऊन चाललेत, सरांच्या लेखाच्या जोरावर. सर इथे आहेत. सगळ्यांसमोर त्यांनी एवढंच म्हणावं, की हे गाणं हिचं आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. खानापूरकर खुर्चीत बसल्या बसल्या हसले आणि समोरचा माइक त्यांनी जवळ ओढला.

“आमचा हा गोड वाद चालूच आहे,” ते म्हणाले. लोकही हसले. “मी तिला विचारलं, ही यमुना कोण? तर ती सांगत नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?” पुन्हा हशा. मागून एक बाई ओरडल्या, “सांग ना गं, आम्हालाही ऐकायचंय!” त्यांचा आवाज प्रेमळ होता. त्यामुळेच मला जास्त राग आला. पुरस्कार देऊन झाला होता, आता पुरावा मागत होते, आणि तोही करमणूक म्हणून.

“यमुना नदी नाही,” मी म्हणाले. “बाकीचं गाण्यात आहे. अल्बममध्ये तीन कडवी आहेत. मी चार लिहिली होती. चौथं मला गाता येत नव्हतं, म्हणून मी ते ठेवलं नाही.”

तन्वीरने चमकून वर पाहिलं. त्यालाही हे माहीत नव्हतं. पण त्याने काही न विचारता पहिला सूर लावला.

तीन कडवी मी नेहमीसारखी गायले. लोक माना डोलावत होते. काहींना शब्द पाठ होते. मग मी तन्वीरला हाताने थांबवलं आणि चौथं कडवं वाद्याशिवाय म्हटलं :

कडी नव्हतीच आत
कुलूप बाहेर होतं
ज्याच्या खिशामध्ये किल्ली
त्याचं घर दूर होतं

मान डोलावणं थांबलं. मी ते कडवं पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळेला आवाज फाटला, पण मी सोडला नाही. संपल्यावर एकही टाळी आली नाही. मघाशी ओरडलेल्या बाईंनी तोंडावर पदर धरला होता.

आता इथे सांगते. तिथे सांगितलं नाही.

यमुना माझी मोठी बहीण. एका टॉवेलच्या कारखान्यात ती कडा शिवायची. मोठी ऑर्डर होती म्हणून मालकाने बायकांना रात्रपाळीला थांबवलं होतं, आणि माल चोरीला जाऊ नये म्हणून शेडला बाहेरून कुलूप घातलं होतं. पहाटे आग लागली. अम्मा आणि मी धावत गेलो तेव्हा दारावर आतून थापा पडत होत्या. मी शाळकरी पोर. मला कुलूप कळलंच नाही. मला वाटलं, यमुनक्का घाबरून कडी काढायला विसरलीय. मी ओरडत होते, कडी काढ, यमुने, कडी काढ. एरवी मी तिला कधीच नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. पाण्याचा बंब निघाला होता, पण वाटेत रेल्वे फाटकापाशी अडकला. थापा थांबल्या त्यानंतर तो आला.

हाच तो मेघश्याम.

स्टेजवर खानापूरकरांनी घसा साफ केला. ते माझ्याकडे बघत नव्हते, सभागृहाकडे बघत होते.

“हे कडवं,” ते म्हणाले, “हे तू नवीन जोडलंस का?”

मी समई खाली ठेवली, शाल तिच्यावर ठेवली आणि तन्वीरबरोबर मागच्या दाराने बाहेर पडले.

कुणी तरी ते गाणं फोनवर टिपलं होतं. दोन दिवसांत ते सगळीकडे पोहोचलं. सोलापुरातल्या कुणी तरी खाली त्या कारखान्याचं आणि मालकाचं नाव लिहिलं, मग दुसऱ्याने, मग शंभरांनी. फिल्मवाल्यांच्या त्या तुपाळ आवाजाच्या माणसाचा पुन्हा फोन आला. कथेची गरज बदलल्यामुळे ते गाणं चित्रपटातून काढलंय, म्हणाला. माफीचा शब्द नाही. नवरीच्या दारापाशी त्यांनी दुसरं काही तरी नाचवलं.

खानापूरकरांनीही लिहिलं. पुढच्याच रविवारी, त्याच जागी. ‘एका नितळ पारंपरिक गीताला समकालीन कडव्याचं ठिगळ’ असा मथळा होता. गायिकेत गुण आहेत, पण प्रसिद्धीच्या मोहापायी तिने लोकधनाला राजकीय रंग दिला, असं त्यांचं म्हणणं. लोकगीतांच्या त्यांच्या जाड ग्रंथात माझी पहिली तीन कडवी आजही आहेत. खाली कंसात ‘अनाम स्त्री, सोलापूर परिसर’. चौथं कडवं नाही. आज इतक्या वर्षांनी मला कार्यक्रमांची कमी नाही, माझ्यावर बरंच लिहूनही येतं. पण तो ग्रंथ एखाद्या दुकानात दिसला की अजून माझे हात शिवशिवतात.

तो दुसरा लेख आला त्या आठवड्यात मी सोलापूरला गेले. अम्माची मला भीती वाटत होती. यमुनेनंतर आमच्या घरात तो विषय कुणी काढत नसे. अम्मा माझी गाणी ऐकत नसे. मराठी गाणी मला कळत नाहीत, असं म्हणायची. आणि मी तर तिच्या पोरीला भर सभेत उभं केलं होतं, तिला न विचारता.

ती ओट्यावर बसली होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. मी शेजारी बसले. ती विड्या वळत राहिली.

“वरच्या माळ्यावरच्या प्रमिलाने फोनवर दाखवलं,” ती तेलुगूत म्हणाली. “दोनदा ऐकलं.”

मी सुपातलं एक पान उचललं.

“त्या म्हाताऱ्या मास्तराला कळलं का मग?”

“नाही, अम्मा.”

“का? मराठीतच तर म्हटलंस.”

मला रडू फुटलं. रागाचं होतं की कसलं, कोण जाणे. “तो म्हणतो, हे माझं नाहीच. म्हणतो, कुणा निनावी बाईचं आहे.”

अम्माचे हात थांबले. तिने सूप बाजूला ठेवलं, आणि आग लागली त्या वर्षानंतर पहिल्यांदाच मी तिला इतकं संतापलेलं पाहिलं.

“निनावी?” ती म्हणाली. “निनावी कोण असतं गं? आईबापांनी नाव ठेवलेलं नसतं का? त्या दिवशी कलेक्टर कचेरीतला माणूस पण असंच म्हणाला होता. ओळख न पटलेल्या बायका. मी त्याला म्हटलं, मला विचार, मी सांगते. त्याला तेलुगू येत नव्हतं.”

“अम्मा...”

“यमुना आत एकटी नव्हती. तुझ्या गाण्यात ती एकटीच आहे. नवीन कडवं कर.”

“त्यात काय घालू?”

“नावं घाल. दुसरं काही नको. मग बघू कोण निनावी म्हणतो ते.”

तिने पदराने हात पुसले आणि मांडी घालून नीट बसली.

“भाग्या,” ती म्हणाली. “कोपऱ्यावरच्या रामय्याची. शोभा. गौसियाबीची नसीम, तिचं लग्न ठरलं होतं. दोघी रेणुका, एक थोरली, एक बारकी...”

ती सांगत गेली. मी बोटांनी ओट्यावर ठेका धरला.